फुलवाल्या घरातून दोन पानांची बाजू मांडताना

आमचं घर पेडणे तालुक्यातलं आणि घर पूर्ण फुलवालं. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते, १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जो जनमत कौल झाला त्यात महाराष्ट्रात विलीन व्हायचं असेल तर चिन्ह फूल, आणि वेगळा केंद्रशासित प्रदेश म्हणून राहायचं असेल तर दोन पानं. आजोबा तेव्हा चोवीस वर्षांचे होते, मत फुलाला. विलीनीकरणाचे नेते आणि गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांचा फोटो अजून आमच्या बाहेरच्या खोलीत आहे. कौलात फूल हरलं, दोन पानांना १,७२,१९१ मतं आणि फुलाला १,३८,१७०, म्हणजे फरक ३४,०२१ चा, आणि हा आकडा मला पाढ्यांच्या आधी पाठ झाला असेल, इतक्या वेळा मी तो जेवताना ऐकलाय. हे सगळं आधी सांगायचं कारण म्हणजे डिबेट काय असतं ते मला खरं कळलं ते याच विषयावर, आणि तेही मला दोन पानांची बाजू मिळाली तेव्हा.

पण त्याआधी दीड वर्ष गेलं ते सांगते, कारण शाळा-कॉलेजमधली बरीच मुलं मी जिथे होते तिथेच असतात.

मी शाळेत वक्तृत्व स्पर्धा खूप केल्या. चौथीपर्यंत मराठी शाळा, मग पाचवीपासून गोव्यात सगळ्यांचंच होतं तसं इंग्लिश मीडियम, पण भाषणं मराठीत चालूच राहिली. पाच मिनिटं, चार मिनिटांना इशाऱ्याची घंटा, भाषण सर लिहून देणार, आपण आरशासमोर पाठ करणार. वादविवाद स्पर्धा पण केल्या, तिथे एका शाळेचे दोघं, एक अनुकूल एक प्रतिकूल, आणि बाजू आधीच ठरलेली, त्यामुळे दोघांचीही भाषणं घरूनच पाठ करून आलेली. माझ्या आधीचा मुलगा काय बोलला याच्याशी माझ्या भाषणाचा काहीही संबंध नसायचा. तो 'मोबाईल शाप आहे' म्हणून बसला की मी उठून 'मोबाईल वरदान आहे' म्हणायचे, टाळ्या दोघांनाही. त्या स्पर्धांनी मला उभं राहून बोलायचं धैर्य दिलं आणि त्याबद्दल मी त्या सरांची कायम ऋणी आहे, पण त्यात वाद कुठेच नव्हता हे मला कॉलेजात आल्यावर कळलं.

कॉलेजच्या डिबेट ग्रुपमध्ये पहिल्याच आठवड्यात मॉक राउंड होता. विषय (तिथे सगळे मोशन म्हणतात) मांडवीतल्या कॅसिनो बोटी बंद कराव्यात. मला सरकार पक्षात पहिलं बोलायला दिलं, म्हणजे पंतप्रधान. मी अशी बोलले की सांगू नका, मांडवी माय, पणजीची शान, उद्ध्वस्त घरं, सगळं आलं. तिसऱ्या मिनिटाला समोरचा एक मुलगा हात वर करून उठला आणि विचारलं, 'बंद म्हणजे व्यवसायच बंद, की फक्त नदीतून हलवायच्या? जमिनीवर आणल्या तर तुम्हाला चालेल?' आणि मी गप्प. खरंच मला माहीत नव्हतं मला काय हवंय. गोव्याच्या कायद्यात टेबलावरचे खेळ बोटीवरच चालतात आणि जमिनीवर पंचतारांकित हॉटेलात फक्त इलेक्ट्रॉनिक मशीन, म्हणजे नदीतून हलवा म्हणायचं तर कायदा बदलायला लागतो, आणि व्यवसायच बंद म्हणायचं तर तिथे काम करणाऱ्या आमच्याच गावातल्या मुलांचं काय ते सांगायला लागतं. या दोन वेगळ्या बाजू आहेत आणि मी दोन्ही एकाच वेळी मांडत होते.

राउंड झाल्यावर आमची एक सिनियर माझ्या शेजारी येऊन बसली, आणि ती जे बोलली त्याने मला पहिली गोष्ट शिकवली, ती म्हणजे व्याख्या. तिने माडाचं उदाहरण दिलं. २०१६ मध्ये गोव्यात वृक्षसंरक्षणाच्या कायद्यात बदल करून माडाला 'झाड' या व्याख्येतून काढलं, म्हणजे तोडायला परवानगीची गरजच नाही, आणि पुढच्या वर्षी परत व्याख्येत घेतलं आणि वर राज्यवृक्ष केलं. ती म्हणाली, 'माड होता तिथेच उभा होता गं, एक शब्द हलला. तुझ्या मोशनमधला तसा शब्द कुठला ते शोध, आणि पहिल्या मिनिटात त्याचा अर्थ सांगून टाक, नाहीतर समोरचा त्याला हवा तो अर्थ लावेल.' तेव्हापासून मी मोशन मिळालं की आधी ते कागदावर लिहून एक शब्द गोल करते. अजूनही करते.

फॉरमॅट थोडक्यात सांगते. आम्ही करतो तो एशियन पार्लमेंटरी, दोन टीम, प्रत्येकी तिघं. सरकारकडे पंतप्रधान, उपपंतप्रधान, प्रतोद आणि विरोधात विरोधी पक्षनेता, उपनेता, प्रतोद. प्रत्येकाला सात मिनिटं, आळीपाळीने. मग दोन्हीकडून चार-चार मिनिटांचं समारोपाचं भाषण, त्याला रिप्लाय म्हणतात, ते पहिल्या किंवा दुसऱ्या वक्त्यानेच करायचं, आणि त्यात विरोधी पक्ष आधी बोलतो, शेवटचा शब्द सरकारचा. तयारीला साधारण अर्धा तास. सात मिनिटांतलं पहिलं आणि शेवटचं मिनिट सुरक्षित, मधल्या पाच मिनिटांत समोरच्यांपैकी कुणीही उठून पंधरा सेकंदांत प्रश्न विचारू शकतो, घ्यायचा की 'नको, बसा' म्हणायचं ते बोलणाऱ्याने ठरवायचं. पण एकही घेतला नाही तर परीक्षकांना वाटतं घाबरली, आणि ते बरोबरच वाटतं त्यांना. मार्क आमच्याकडे मुद्द्यांना ४०, मांडणीच्या ढंगाला ४०, रचनेला आणि आपलं काम नीट केलं की नाही याला २०.

दुसरी गोष्ट शिकायला मात्र महिने गेले. ती म्हणजे मुद्दा कशाला म्हणायचं. मी 'कॅसिनोमुळे घरं उद्ध्वस्त होतात' म्हणायचे आणि मला वाटायचं झाला मुद्दा. सिनियर म्हणायची हा नुसता दावा, का होतात, कशी होतात, कुणाची होतात, आणि झाली तर त्यावर बंदी हाच उपाय का? प्रत्येक वेळी चार प्रश्न. मी वैतागून एकदा सुट्टीत आमच्या शाळेतल्या संस्कृतच्या मास्तरांकडे गेले, ते निवृत्त होऊन घरीच असतात, त्यांना हे सगळं सांगितलं तर ते म्हणाले यात नवीन काय आहे, न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, आहेच की. आणि ओसरीवर बसून त्यांनी मला ते पाच अवयव समजावले. डोंगरावर आग आहे, ही प्रतिज्ञा. कारण धूर दिसतोय, हा हेतू. जिथे धूर तिथे आग, जशी स्वयंपाकघरात, हे उदाहरण. या डोंगरावरही तसाच धूर आहे, हा उपनय. म्हणून आग आहे, हे निगमन. मला त्यातला चौथा सगळ्यात महत्त्वाचा वाटला, उपनय, कारण आम्ही सगळी मुलं तोच गाळतो. सिंगापूरचं उदाहरण देतो, केरळचं देतो, आणि पुढे जातो, पण ते उदाहरण आपल्या विषयाला का लागू पडतं, गोव्यातला धूर तिथल्यासारखाच आहे का, ते सांगतच नाही. त्या दिवसापासून माझ्या मुद्द्यांत जो फरक पडला तो पुढच्या राउंडला सिनियरनेही ओळखला.

मास्तरांनी आणखी एक सांगितलं होतं, वाद, जल्प आणि वितंडा यातला फरक. वाद खरं काय ते शोधायला, जल्प नुसता जिंकायला, आणि वितंडा म्हणजे स्वतःची काहीच बाजू न मांडता समोरच्याचं फक्त मोडत बसायचं. आपण बोलताना वितंडवाद म्हणतो तो शब्द इथला हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं. विरोधी पक्षात मिळालं की मी अगदी हेच करायचे, सरकार किती वाईट ते सात मिनिटं. मग काय करायचं त्याऐवजी, ते कधीच नाही.

आणि तिसरी गोष्ट कागद. मला विचाराल तर नवीन मुलांनी बाकी काही नाही तरी एवढं करावं. फुलस्केप कागद आडवा धरून सहा उभे रकाने, एकेका वक्त्याला एक, समोरचे जे बोलतील ते निळ्या पेनने, त्यावरचं आपलं उत्तर लाल पेनने त्याच्या समोरच. सुरुवातीला मी त्यांचं भाषण चालू असताना माझं पुढचं भाषण मनात म्हणत बसायचे, त्यामुळे निळे रकाने रिकामे. मग सिनियरने नियम केला, की लाल पेनने जे उत्तर लिहिशील त्याच्या आधी निळ्याने त्यांचं वाक्य, त्यांच्याच शब्दांत, आणि ते वाक्य नसेल तर ते उत्तर बोलायचं नाही. पहिल्या दोन राउंडला माझ्याकडे बोलायला जवळजवळ काही उरलंच नाही.

तर दुसऱ्या वर्षी आम्ही काही मुलांनी मिळून ठरवलं की हाच फॉरमॅट मराठीत करून बघायचा. आमचे नेहमीचे राउंड इंग्लिशमध्ये, आणि सत्तरी, डिचोली, पेडण्यातली कितीतरी हुशार मुलं इंग्लिशमुळे मागे बसतात हे मी रोज बघत होते. शब्दांची अडचण आली नाही, व्हिपला आपल्याकडे प्रतोद आहेच, बाकी पीओआय (म्हणजे मधे उठून विचारायचा तो प्रश्न), रिप्लाय तसंच ठेवलं. पहिल्या राउंडचं मोशन एक आठवडा आधी जाहीर केलं, बाजू मात्र अर्धा तास आधी टॉस करून. मोशन होतं: १९६७ च्या कौलात गोव्याने विलीनीकरण निवडायला हवं होतं, असं या सभागृहाचं मत आहे.

मी घरी जाऊन आजोबांसमोर वही घेऊन बसले. फुलाच्या बाजूची आठ पानं भरली. भाषा एक, देवळं-जत्रा एक, भजन-दशावतार एक, सोयरीक सावंतवाडीपर्यंत, एवढासा प्रदेश दिल्लीच्या भरवशावर कसा चालणार, आणि १९६३ च्या निवडणुकीत लोकांनी विलीनीकरणवाल्या पक्षालाच सत्ता दिली होती. मग मी विचारलं, आजोबा, दोन पानांवाले काय म्हणायचे? आजोबा म्हणाले, 'ते? त्यांना मराठी नको होती.' मी तेवढं एक वाक्य लिहिलं आणि वही मिटली.

दुसऱ्या दिवशी सिनियरने वही बघितली. आठ पानं आणि एक ओळ. ती मूळची दक्षिण गोव्यातल्या सासष्टीतली, तिच्या घरी दोन पानं, पण ती त्यावर काहीच बोलली नाही, एवढंच म्हणाली, 'एक लाख बहात्तर हजार लोकांनी फक्त एवढ्यासाठी मत दिलं?'

मला तो प्रश्न झोंबला. मी कदंबा बस पकडून पणजीला पाटोवरच्या सेंट्रल लायब्ररीत गेले, कृष्णदास शामांच्या नावाची आहे ती, आणि दोन दिवस त्या काळाबद्दलचं मिळेल ते वाचत बसले. आणि तिथे मला कळलं की मडगावहून निघणारा 'राष्ट्रमत' हा दैनिक पेपर विलीनीकरणाच्या विरोधात होता, उदय भेंब्रे त्यात 'ब्रह्मास्त्र' नावाचं सदर लिहायचे, आणि तो पेपर मराठीत होता. मराठीत! दोन पानांना मत द्या हे लोकांना मराठीत वाचायला मिळत होतं. आजोबांचं वाक्य तिथेच संपलं. मला थोडा वेळ फार विचित्र वाटलं, जसं घरातल्या भिंतीत एक दार होतं आणि मला कुणी सांगितलंच नव्हतं. मग मी दोन पानांची बाजू मनापासून लिहायला बसले. मोठ्या राज्यात गेल्यावर आपण एक जिल्हा, मुंबईच्या विधानसभेत अडीचशेहून जास्त आमदारांत आपले थोडे, आणि इथे स्वतःची विधानसभा. महाराष्ट्रातल्या दारूबंदीचं काय होणार ही माडावर चढणाऱ्या रेंदेरांची काळजी. कोकणीचा प्रश्न तर होताच. आणि सगळ्यात जड मुद्दा मला सापडला तो हा, की वेगळे राहिलो तर पुढे कधी विलीन व्हायचा रस्ता उघडा असतो, पण एकदा विलीन झालो की मागे यायचा रस्ता जवळजवळ बंद. ज्याला खात्री नाही त्याने कुठला रस्ता धरावा? बांदोडकरांनी कौल निष्पक्ष व्हावा म्हणून आधी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला होता हे पण तिथेच वाचलं, आणि त्याचा मला अभिमान वाटला, घरातल्या फोटोसकट.

टॉस झाला, आम्ही विरोधी पक्ष, म्हणजे दोन पानं. टीममध्ये मी प्रतोद, तिसरी. प्रतोदाने नवीन मुद्दा आणायचा नसतो, आत्तापर्यंतच्या भांडणाचे दोन-तीन मोठे प्रश्न करून त्यात आपण कुठे पुढे आहोत ते दाखवायचं असतं. म्हणजे मागे न येण्याचा माझा मुद्दा, जो मी दोन दिवस लायब्ररीत बसून कमावला होता, तो मला पहिल्या वक्त्याला द्यायला लागला. तयारीच्या त्या अर्ध्या तासात मी तो त्याला समजावून सांगितला आणि मला सांगायला हरकत नाही, जिवावर आलं. वक्तृत्वात सगळं आपलंच असतं. पण त्याने तो मुद्दा माझ्यापेक्षा शांतपणे मांडला, त्याचा आवाज चढत नाही, आणि असल्या मुद्द्याला ते बरं.

सरकार पक्ष चांगला होता. त्यांच्या पंतप्रधान मुलीने पहिल्याच मिनिटात व्याख्या केली, की 'हवं होतं' म्हणजे १९६७ च्या मतदाराला तेव्हा जे माहीत होतं त्यावरून ठरवायचं. मी ते निळ्याने लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. का ओढल्या ते तेव्हा मला माहीत नव्हतं, फक्त वाटलं हा तो माडासारखा शब्द आहे. त्यांचा १९६३ चा मुद्दा आला, लोकांनी आधीच कौल दिला होता म्हणून. त्यावर आमच्या उपनेतीने उत्तर दिलं की निवडणुकीत माणूस शंभर गोष्टींसाठी मत देतो, आणि बघा, जानेवारीत विलीनीकरणाला नाही म्हणणाऱ्या त्याच गोव्याने दोनच महिन्यांनी भाऊसाहेबांना परत सत्तेवर बसवलं, म्हणजे लोकांना दोन प्रश्न वेगळे करता येत होते. सभागृहात बाकं वाजली.

माझं भाषण सुरू झालं. चौथ्या मिनिटाला त्यांचा उपपंतप्रधान उठला, मी घेतला. तो म्हणाला, 'वेगळं राहून काय मिळवलं? घटकराज्य व्हायला १९८७ उजाडलं, वीस वर्षं दिल्लीच्या दारात, याचं उत्तर द्या.' खरं तर चांगला प्रश्न होता, आजोबा हेच म्हणतात. माझी नजर कागदावर गेली, पहिला रकाना, दोन रेघा. मी म्हटलं, तुमच्याच पंतप्रधानांनी पहिल्या मिनिटात ठरवलंय की १९६७ च्या मतदाराला जे माहीत होतं त्यावर बोलायचं, त्याला १९८७ माहीत नव्हतं, त्याच्या हातातल्या कागदावर घटकराज्याचं चिन्हच नव्हतं, फूल आणि दोन पानं एवढंच होतं. आणि तरी तुम्हाला १९८७ आणायचंच असेल तर आणा, कारण ३० मे १९८७ ला जे मिळालं ते मिळायचा रस्ता फुलाने बंद केला असता. हे मी बोलले आणि माझा स्वतःचाच आवाज मला थोडा परका वाटला. घरातला फोटो डोळ्यासमोर होता.

तीन परीक्षक, निकाल २-१, आम्ही जिंकलो. आमच्या विरोधात मत देणाऱ्या परीक्षकांनी जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहून ठेवलंय, की दारूबंदीचा मुद्दा आमच्या पहिल्या वक्त्याने आणला, सरकारने त्यावर उत्तर दिलं, आणि नंतर आमच्यापैकी कुणीच त्याला हात लावला नाही, म्हणजे तो मुद्दा त्यांच्या खात्यात गेला. कागद बघितला तर खरंच, निळं होतं, समोर लाल नव्हतं. प्रतोद मी होते, ते काम माझं होतं.

घरी आजोबांना सांगायची मला धास्ती होती. रविवारी दुपारी सोलकढी पिऊन ते सोप्यावर बसले होते, मैत्रिणीने मोबाईलवर माझं भाषण रेकॉर्ड केलं होतं ते लावलं. त्यांनी पूर्ण ऐकलं, मधे एकदा थांबवून 'परत लाव' म्हणाले, ते मागे न येण्याच्या रस्त्याचं होतं. मग बराच वेळ गप्प. मला वाटलं रागावले.

'काय गो,' ते म्हणाले, 'हे त्यावेळी म्हणत असणार ते लोक.'

मी म्हटलं हो आजोबा, मराठीतच म्हणत होते, पेपरात छापून यायचं.

'सभाही व्हायच्या त्यांच्या. आम्ही एकदाही गेलो नाही.' मग फोटोकडे बघून म्हणाले, 'गेलो असतो तरी मत फुलालाच दिलं असतं हां मी.'

मी विचारलं का, आणि वही उघडली, आणि या वेळी ते जे बोलायला लागले ते त्या आठ पानांत कुठेच नव्हतं.